नाचाचे संगीत व ते वाजविणारा गृहस्थ

(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'दोन शब्द' असे छापले आहे. दोन शब्दांत आटोपणारा धर्मगुरू निदान आमच्या पाहण्यात तरी आलेला नाही, व आज तसा नवा पायंडा पाडण्याचा आमचा विचारही नाही. मागच्या भिंतीशी जी तरुण मंडळी आतापासूनच उभी आहेत, व ज्यांचे पाय वाद्य सुरू होण्यापूर्वीच थरथरू लागले आहेत, त्यांनी कृपा करून खुर्च्यांवर बसून घ्यावे. आमचे बोलणे संपल्यावर त्याच खुर्च्या उचलून भिंतीशी लावण्याचे काम त्यांच्याकडे आहे.

व्यासपीठाच्या डाव्या अंगास एक मेज मांडलेले आपणांस दिसत असेल. त्यावर तबकड्या फिरविणारी दोन यंत्रे आहेत, मध्ये एक चपटी पेटी आहे, आणि मेजाखाली दुधाच्या क्रेटमध्ये उभ्या रचलेल्या शे-दीडशे तबकड्या आहेत. ह्या मेजाची हकीकत सांगणे, एवढेच आमचे आजचे काम. कारण सहा वर्षांपूर्वी ह्या धर्मग्रामाचा कारभार आमच्याकडे आल्यावर वर्षाच्या आतच आम्ही सभागृहाच्या दारावर एक फलक लावविला होता : 'येथे कोणत्याही समारंभास डीजे लावण्यास सक्त मनाई आहे.' तो फलक आज सकाळी मिस्सानंतर आम्ही स्वतःच्या हाताने उतरविला. तो का लावला व का उतरविला, ह्याचा जबाब देणे आम्हांस प्राप्त आहे; विशेषतः ज्या तीन कुटुंबांनी ह्या नियमापायी आपल्या मुलांची लग्ने दुसरीकडे सभागृह भाड्याने घेऊन साजरी केली, त्यांना.

प्रथम तो का लावला ते सांगतो. आपल्या ठाणे-डोंबिवलीच्या पट्ट्यात 'डीजे' ह्या दोन अक्षरांचा अर्थ काय झाला आहे, हे आम्ही सांगावयास नको. दहीहंडी असो, विसर्जन असो, हळद असो. ट्रकवर माणसाच्या दुप्पट उंचीची खोक्यांची भिंत उभी राहते, व ती रस्त्याने सरकू लागली की खिडक्यांची तावदाने बोलू लागतात आणि छातीच्या पिंजऱ्यात दुसरेच कोणी हृदय ठेवून दिल्यासारखे वाटते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे. सरकारने सणांसाठी दिलेली थोड्या दिवसांची सवलत काय ती निराळी. हे नियम पाळले जावेत म्हणून ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर उच्च न्यायालयात गेले, व २०१६ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. निकाल झाला, आणि भिंतीही सरकत राहिल्या.

आमचा फलक मात्र न्यायालयाच्या निकालामुळे लागला नव्हता. देवळामागच्या एका चाळीत आपल्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी शेवटच्या घटका मोजीत होत्या. त्यांना तैलाभ्यंगाचा संस्कार देण्यास आम्ही रात्री गेलो होतो. खोली दहा फूट बाय बारा फूट. आम्ही प्रार्थनेस आरंभ केला आणि गल्लीच्या तोंडाशी हळदीची मिरवणूक येऊन थांबली. आम्ही मोठ्याने म्हणू लागलो, मग ओरडू लागलो, पण आमचा शब्द आमच्याच कानी पडेना. बाईंचे डोळे उघडे होते, व त्या आमच्या ओठांकडे पाहत होत्या. अखेर त्यांच्या मुलीने आमच्या हातचे पुस्तक घेतले आणि आईच्या कानाला तोंड लावून ती एकेक शब्द वाचू लागली. पहाटे त्या गेल्या. दफनविधी आटोपल्यावर त्याच आठवड्यात आम्ही फलक रंगविण्यास टाकला. त्या वेळी आम्ही रागात होतो, हे आज मान्य करतो. राग अन्यायाचा नव्हता, परंतु रागात लिहिलेल्या वाक्यात शब्द चुकण्याचा संभव असतो.

ती चूक दाखविणारा गृहस्थ फलक लागल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या कचेरीत आला. त्यांचे नाव घ्यावयाचे नाही, अशी त्यांची अट आहे. तरी मुले त्यांना 'डीजे अंकल' म्हणतात व ते ह्या क्षणी मेजामागे मान खाली घालून सुईवरची धूळ झाडीत आहेत, एवढे सांगितल्याने अट मोडत नसावी. जन्म कल्याणच्या रेल्वे वसाहतीत, वडील इंजिन-शेडमध्ये, स्वतः ठाण्याच्या वागळे इस्टेटीत फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, आणि १९८३ पासून दर शनिवारी कोणाच्या तरी लग्नात, वाढदिवसात वा बारशात तबकड्या वाजविणारे. आम्हांस वाटले, पोटावर पाय आला म्हणून भांडावयास आले आहेत. ते खुर्चीवरही बसले नाहीत. म्हणाले, "फादर, तुमचा नियम बरोबर आहे. पण त्यातला एक शब्द चुकला आहे." आम्ही विचारले, कोणता? "डीजे," असे म्हणून ते निघून गेले. आम्हांस हा उद्धटपणा वाटला, व पुढील पाच वर्षे तसाच वाटत राहिला.

गेल्या वर्षी महोत्सवाच्या तयारीसाठी आम्ही घरभेटी सुरू केल्या तेव्हा त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी जाण्याचा योग आला. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून झोपण्याच्या खाटेखालपर्यंत तबकड्या. त्यांच्या पत्नी हसत म्हणाल्या, "आमच्या घरात दोन मिक्सर आहेत, फादर. एकावर चटणी होते आणि दुसऱ्यावर शनिवार जातो." आशीर्वादाची प्रार्थना करून दहा मिनिटांत निघावयाचे, असा आमचा बेत होता. आम्ही रात्री साडेदहास उठलो.

त्या रात्री आम्ही जे शिकलो, व नंतर वाचून ताडून पाहिले, ते आता सांगतो.

'डिस्क' म्हणजे तबकडी व 'जॉकी' म्हणजे घोडेस्वार. तबकडीवर स्वार झालेला तो डिस्क जॉकी. फ्रेंच भाषेत 'डिस्कोथेक' म्हणजे तबकड्यांचा संग्रह, ग्रंथालयास जसे 'बिब्लिओथेक' म्हणतात तसे. त्यावरूनच पुढे 'डिस्को' हा शब्द निघाला. तेव्हा मूळ शब्दात गोंगाट कोठेच नाही. आहे तो संग्रह, म्हणजे निवडून, जपून ठेवलेल्या वस्तू. ट्रकवरच्या भिंतीपाशी बहुधा तबकडीही नसते आणि स्वारही नसतो. एक कळ दाबलेली असते, इतकेच.

आता दोन यंत्रे कशासाठी? आम्हीही हाच प्रश्न केला. एका यंत्रावर गाणे वाजत असते, तेव्हा दुसऱ्यावर पुढची तबकडी लावून ती फक्त स्वतःला ऐकू येईल अशी एका कानाशी धरावयाची. दुसरा कान सभागृहाकडे मोकळा. दोन्ही गाण्यांचे ठोके सारख्या गतीने पडत नसतात. एकाचे मिनिटास ११६ तर दुसऱ्याचे १२०. यंत्राच्या उजव्या बाजूस एक सरकती कळ असते. तिने तबकडीची गती शेकडा आठपर्यंत कमी-अधिक करता येते. ती केसाएवढी सरकवून दोन्ही ठोके एकावर एक बसवावयाचे, आणि मग मधल्या पेटीने पहिले गाणे हळूहळू मागे नेत दुसरे पुढे आणावयाचे. नाचणाऱ्याला गाणे बदलल्याचे पायांना कळत नाही, फक्त मनाला कळते. हे एवढे समजावून सांगताना त्या गृहस्थांची बोटे हवेत सरकत होती. आम्हांस सेमिनरीतील आमचे गायनगुरू आठवले. ग्रेगोरियन गायनात एक गट श्वास घेतो तेव्हा दुसऱ्याने सूर धरून ठेवावा, सांधा दिसू नये, म्हणून ते आमच्याकडून तासन् तास घोकून घेत असत.

ह्या संगीताचा ठेका कोठून आला, हेही त्यांनी आम्हांस ऐकवून दाखविले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी अर्ल यंग नावाचा ढोलवादक होता. १९७३ च्या 'द लव्ह आय लॉस्ट' ह्या गीतात त्याने पायाचा मोठा ढोल चारही मात्रांवर सारखा वाजविला, आणि दोन मात्रांच्या मधल्या जागी झांज उघडून मिटली. धम्-त्स, धम्-त्स, असा तो ठेका. डिस्कोचा पाया तो हाच. आमच्या नगरकडील मंडळींस हलगी ठाऊक आहे, आणि ठाण्याच्या ईस्ट इंडियन मंडळींस घुमट. सारख्या पडणाऱ्या ठेक्याने पाय आपोआप कसे उचलतात, हे त्यांना फिलाडेल्फियाहून शिकण्याची गरज नाही.

एक अडचण मात्र होती. त्या काळची लहान सात इंची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. माणूस रंगात येतो न येतो तोच गाणे बंद. टॉम मोल्टन नावाच्या गृहस्थाने गाण्यातील नुसत्या ठेक्याचे भाग लांबवून, पुन्हा जोडून, गाणी मोठी केली. आणि ती एके दिवशी मोठ्या तबकडीवर कोरून पाहिली, तीही लहान कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या म्हणून. खर्जाचे स्वर कोरण्यास खाच रुंद लागते. मोठ्या तबकडीवर खाचांना ऐसपैस जागा मिळाली आणि आवाज भरदार उमटला. १९७६ साली 'टेन पर्सेंट' नावाचे नऊ मिनिटांहून अधिक लांबीचे गीत अशा बारा इंची तबकडीवर बाजारात विक्रीस आले. केवळ नाचणाऱ्यांसाठी केलेली नवी वस्तू ती हीच. आपल्या मेजाखालच्या क्रेटमध्ये बहुतेक तबकड्या ह्याच जातीच्या आहेत. ज्यांना त्या हातात धरून पाहावयाच्या असतील, त्यांनी कडेने धरावे. बोट खाचेवर ठेवल्यास काय ऐकावे लागते, ते आम्ही ऐकले आहे.

आता एक गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच आम्ही आज इतका वेळ घेतला आहे.

अमेरिकेतील युटिका गावी १९४४ साली एक मूल जन्मले व जन्मताच अनाथालयात आले. त्याचे नाव डेव्हिड मंकूसो. अनाथालय आपल्या धर्मभगिनींचे होते. तेथे सिस्टर अॅलिशिया नावाच्या एक भगिनी होत्या. मुलांना एका खोलीत जमवून त्या ग्रामोफोन लावीत, फुगे टांगीत, खाऊ व सरबत देत. कोणाचा वाढदिवस असो वा नसो. पुढे हा मंकूसो न्यूयॉर्कला आला आणि १९७० च्या फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइनच्या दिवशी, त्याने आपल्या राहत्या जागेत मित्रमंडळीस तबकड्या ऐकण्यास व नाचण्यास बोलाविले. ती मेजवानी पुढे 'द लॉफ्ट' ह्या नावाने कित्येक वर्षे चालली. तेथे मद्यविक्री नव्हती, खाद्यपेये होती, आणि छताला फुगे होते. डिस्कोचा इतिहास लिहिणारे ह्या खोलीपासून आरंभ करतात. आम्ही म्हणतो, आणखी थोडे मागे जाऊन त्या भगिनींच्या खोलीपासून का करू नये?

त्या लॉफ्टमध्ये कोण येत असत, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. काळे लोक, पोर्तो रिकोकडून आलेले लोक, समलिंगी पुरुष, आणि इतर ज्यांना अन्यत्र दारातून आत घेत नसत असे. म्हणूनच १९७९ च्या १२ जुलै रोजी शिकागोच्या एका क्रीडांगणात दोन सामन्यांच्या मधल्या वेळी डिस्कोच्या तबकड्यांची रास सुरुंगाने उडविण्यात आली व हजारोंचा जमाव मैदानात घुसला, तेव्हा राग केवळ गाण्यांवर होता, असे आम्हांस वाटत नाही. दुसरा सामना खेळताच आला नाही.

सर्वच गोष्टी आम्हांस रुचतात असे मात्र समजू नये. त्याच न्यूयॉर्कात 'सँक्च्युअरी' नावाचे एक नाचघर जर्मन बाप्टिस्टांच्या जुन्या प्रार्थनामंदिरात उघडले होते, आणि दोन तबकड्यांचे ठोके जुळविण्याची विद्या ज्याने तेथे रूढ केली त्या फ्रान्सिस ग्रासोचे मेज वेदीच्या जागी होते. हे आम्हांस रुचत नाही, व रुचल्याचे ढोंगही आम्ही करणार नाही. आपले मेज व्यासपीठावर डावीकडे आहे, ते बरे.

असो. परदेशची हकीकत पुरे झाली. हे संगीत आपल्याकडे परके म्हणून आले नाही, हे आमच्या गृहस्थांचे मुख्य म्हणणे, व ते आम्हांस पटले आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून धर्मग्रामाच्या शाळांतून मुलांना सारेगम व व्हायोलिन शिकवीत असत. त्या शाळांतून तयार झालेली मुले मुंबईस आली आणि हॉटेलांतील नाचाच्या वाद्यवृंदांत व मागाहून चित्रपटांत वाजवू लागली. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच 'चिक चॉकलेट', १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या एका चित्रपटात गुरूचे नाव गाण्यात घालून त्यांनी ते घराघरांत पोहोचविले. नाव पाठ असलेल्यांपैकी कित्येकांस ते खऱ्या माणसाचे आहे, हे आजही ठाऊक नसते.

मग डिस्को आला. बंगळुरूच्या बिद्दू ह्यांनी लंडनमध्ये १९७४ साली 'कुंग फू फायटिंग' केले होते. त्यांनीच १९८० च्या 'कुर्बानी'साठी पंधरा वर्षांच्या नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतले. १९८२ साली बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर' आला. आमच्या गृहस्थांची एक आवडती गंमत आहे. 'वन वे टिकट' हे इरप्शन मंडळीचे गाणे लावावयाचे, आणि त्याचा ठेका चालू असतानाच उषा उथुप ह्यांचे १९८० चे 'हरि ओम हरि' आत सरकवावयाचे. वडीलधारी हसतात, मुले तोंडात बोट घालतात, चाल तीच! आज रात्री ती ऐकावयास मिळेल. कोणी कोणाचे उचलले ह्यावर वाद घालावयाचा असेल त्यांनी अंगणात जावे.

आणि बोनी एम. ही मंडळी ज्यांच्या घरी नाताळात वाजली नाही, असे एकही घर आपल्या धर्मग्रामात नसेल. त्यांचे 'मेरीज बॉय चाइल्ड' १९७८ च्या नाताळातले. आम्ही त्या वेळी सात-आठ वर्षांचे होतो. पुढे एक-दोन वर्षांनी शेजारच्या घरी ती कॅसेट आली, व नेवऱ्या लाटताना आमच्या आईचे लाटणे त्या ठेक्यावर पडत असे. त्याच वर्षीचे त्यांचे 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' हे गीत मूळचे जमैकातील मेलोडियन्स मंडळीचे, आणि त्याची बहुतेक शब्दरचना १३७ व्या स्तोत्रातून घेतलेली आहे. बॅबिलॉनच्या नद्यांकाठी बसून रडणारे बंदिवान, परक्या भूमीत आपले गीत कसे गावे असा त्यांचा प्रश्न. आणि त्यावर साऱ्या जगाने फेर धरला! शब्दांकडे लक्ष न देता नाचलो, ह्याची लाज वाटावी की आनंद, ह्याचा निर्णय आम्हांस अद्यापि करता आलेला नाही.

एका तबकडीची मात्र हळहळ आमच्या गृहस्थांना अजून आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली दहा रागांची एक तबकडी डिस्कोच्या ठेक्यावर, नुसत्या विद्युत्-यंत्रांवर वाजवून काढली होती. ती फारशी विकली गेली नाही. पुढे २०१० साली परदेशात ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोत पाच वर्षांनंतर निर्माण झालेल्या नाचाच्या संगीताचा नमुना त्या तबकडीत आधीच कसा, म्हणून जाणकार थक्क झाले. आमच्या गृहस्थांनी ती कल्याणच्या एका दुकानात हातात घेतली होती. 'राग आणि डिस्को? काहीतरीच!' असे म्हणून त्यांनी ती परत ठेवली. हे सांगताना त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही मनात म्हटले, शब्द वाचून वस्तूचा निकाल लावणारे आम्ही एकटेच नाही.

परंतु ह्या प्रेमाची एक बाजू दुखरीही आहे, व ती वगळली तर हकीकत खोटी होईल. तबकडी आली आणि बँडवाला गेला. पूर्वी आपल्या लग्नांत उंबराचे पाणी आणावयास बँड लागे, वरात बँडशिवाय निघत नसे, आणि सभागृहात पाच-सात वादक असत. १९८० नंतर एक माणूस, दोन यंत्रे व दोन खोकी एवढ्यावर काम भागू लागले. आमच्या गृहस्थांचे सख्खे काका ट्रम्पेट वाजवीत. पुतण्याने पहिली सुपारी घेतली त्या दिवशी ते म्हणाले, "माझे फुंकणे तुझ्या सुईने बंद पाडले." त्यानंतर पुतण्या वाजविणार असेल त्या लग्नात ते जेवण्यापुरते येत, व पहिले गाणे लागण्याआधी चप्पल घालून निघून जात. अशी वीस वर्षे गेली.

पुढे काकांच्याच लग्नाची पन्नाशी कल्याणला साजरी झाली. पुतण्याने क्रेटच्या तळाशी जपून ठेवलेली, १९४० च्या सुमाराची, मुंबईच्या हॉटेलांत वाजणाऱ्या जुन्या फॉक्स-ट्रॉटची एक तबकडी काढली. ती वाजविण्यास निराळी सुई लागते. ती त्याने चोरबाजारातून आणून ठेवली होती. काका चप्पल शोधीत होते. संगीत सुरू होताच ते थांबले, परत आले, काकूंचा हात धरून मध्यभागी गेले व तबकडी संपेपर्यंत नाचले. मग मेजापाशी येऊन इतकेच म्हणाले, "दुसरा ट्रम्पेट जरा उतरला होता." पुतण्याने हे प्रशस्तिपत्र समजून आजवर जपले आहे.

आम्ही त्यांना विचारले, सभागृह भरले असता पुढचे गाणे कोणते लावावे, हे तुम्ही कसे ठरविता? त्यांनी जे उत्तर दिले त्याने आमचा फलक खऱ्या अर्थाने उतरला. ते म्हणाले, "फादर, नाचणाऱ्यांकडे बघायचं नसतं. ते नाचतातच आहेत. बसलेल्यांकडे बघायचं. कोणाची टाच खुर्चीखाली हलते, कोण कुणाकडे बघून नजर फिरवतो, कोणती आजी सुनेला 'जा गं तू' म्हणते आणि स्वतः पदर खोचते. पुढचं गाणं त्यांच्यासाठी." त्यांना काही वर्षांपूर्वी एका मिरवणुकीवाल्याने ट्रकवर बसण्यासाठी नेहमीच्या तिप्पट पैसे देऊ केले होते. निवृत्तीचे दिवस जवळ आलेले, मुलीचे लग्न काढलेले. त्यांनी नकार दिला. का, असे आम्ही विचारले. "तिथे बसलेला कोणीच नसतो, फादर. मग मी बघू कोणाकडे?"

आम्ही तीस वर्षे वेदीवरून प्रवचन करीत आहोत. समोर जे माना डोलावतात त्यांच्याकडे पाहून बोलण्याची आमची सवय आहे, हे आपण जाणताच.

त्यांच्या कानांविषयीही सांगितले पाहिजे. चाळीस वर्षे खोक्यांशेजारी उभे राहिल्याने वरचे बारीक स्वर आता त्यांना ऐकू येत नाहीत. झांज बंद पडली तरी कळावयाचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. खर्ज ते मेजावर तळहात टेकून ओळखतात, आणि झांजेसाठी नातवाला शेजारी उभे करतात. तो नातू लॅपटॉपवर गाणी वाजवितो. आजोबांच्या तबकड्यांना तो जड सामान म्हणतो, परंतु गेले तीन शनिवार तो क्रेट उचलण्यास न बोलाविता आला. महोत्सवानंतर हे यंत्र व ह्या तबकड्या धर्मग्रामास देण्याची गृहस्थांची इच्छा आहे. आम्ही अद्यापि होकार दिलेला नाही. नातवाने आणखी थोडे शनिवार यावे, अशी आमची इच्छा आहे.

सभागृहाच्या दारावर उद्या नवा फलक लागेल. त्याचा मजकूर समितीने ठरविला आहे : 'ह्या फाटकाबाहेर ऐकू जाईल असा आवाज कोणीही, कोणत्याही कारणासाठी करू नये. वाद्ये रात्री दहापर्यंत.' हा मजकूर वाचून झाल्यावर समितीतील एक भगिनी नम्रपणे म्हणाल्या, की मग नोव्हेनाच्या नऊ दिवसांत आपला कर्णाही फाटकाबाहेर ऐकू जाता कामा नये. सर्वांनी आमच्याकडे पाहिले. कर्णा आम्ही गेल्या मंगळवारी आत वळविला आहे.

काल रात्री ह्या खोक्यांची चाचणी घेतली. आमचे गृहस्थ आत वाजवीत होते, आणि आम्ही देवळामागच्या त्या चाळीत, त्याच खोलीत, आता एकटी राहणाऱ्या त्या मुलीच्या घरी चहा घेत बसलो होतो. खिडकी उघडी होती. पंखा ऐकू येत होता, कल्याणकडे जाणारी लोकल ऐकू आली, तबकडी ऐकू आली नाही. मुलीने विचारले, "सुरू झालं का, फादर?" आम्ही दूरध्वनी केला. सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली होती. ती आज येथे आलेली आहे, व खुर्चीवर बसलेली आहे.

आता व्यवस्थेविषयी थोडे. पहिली तबकडी साठीच्या पुढच्या मंडळींची आहे. ती संपेपर्यंत तरुणांनी मध्ये येऊ नये. मेजापासून चार पावलांच्या आत कोणी उड्या मारू नयेत. फळ्या जुन्या आहेत, सुई उडते. फर्माइशी चिठ्ठीवर लिहून द्याव्यात, मोठ्या अक्षरांत, कारण कानांत ओरडून उपयोग नाही. जेवण साडेआठास. दहास पाच मिनिटे असताना दिवे लागतील.

चला, खुर्च्या उचला.